एका पोटाची बोट की दोन पोटांची?

भाचा दिवाळीला मस्कतहून आला आणि फराळाचं ताट पुढे यायच्या आत लॅपटॉप उघडून बसला. येत्या जूनमध्ये ग्रीसच्या आयोनियन समुद्रात त्याला आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घ्यायची आहे. माणसं पाच: तो, त्याची बायको, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि ताई. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, वय ७१, दोन्ही गुडघे बदललेले. पडद्यावर दोन बोटींचे फोटो शेजारी शेजारी होते. दोन्ही ४० फूट लांब, पण एकीचं भाडं दुसरीच्या जवळपास दुप्पट.

"मामा, लांबी तीच आहे. मग हे वरचे पैसे कशाचे?"

ताई डब्यातून चकल्या काढत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठली उलटत नाही तेवढं विचार त्याला. हरणीनंतर मी तळ्यातल्या होडीतसुद्धा पाय ठेवलेला नाही."

बडोद्यात बोटीचा विषय निघाला की आधी हरणीपाशी थांबतो. १८ जानेवारी २०२४ ला तिथल्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. आमच्या वयाच्या लोकांना त्याआधीची, १९९३ ची सुरसागर तलावातली बोट उलटलेलीही आठवते. त्यामुळे ताईच्या प्रश्नाला भाच्यासारखं हसून चालणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भाड्याच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्याच प्रश्नातून निघतं.

मी काही दर्यावर्दी नव्हे. बडोद्याच्या कलाभवनात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, नोकरीची अकरा वर्षं मुंबईत काढली आणि तिथे दर रविवारी दुसऱ्यांच्या बोटींवर दोऱ्या ओढायला जायचो. स्वतःची बोट कधीच नव्हती, म्हणून कुठल्या एका जातीचा अभिमानही नाही. बोटवाल्यांमध्ये तो फार असतो. एका पोटाचे आणि दोन पोटांचे एका टेबलावर बसले तर पहिला चहा संपायच्या आत जुंपते.

आधी शब्द समजून घेऊ. हल म्हणजे बोटीचं पोट, पाण्यात बसतो तो भाग. एक पोट असेल ती मोनोहल. कोकणातलं गलबत, मचवा, तळ्यातली वल्ह्यांची होडी, सगळ्या मोनोहलच. दोन सडपातळ पोटं एकमेकांपासून लांब ठेवून वर आडवा मजला टाकला की झाली कॅटामरान. हा शब्द तमिळ आहे: कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. गंमत अशी की तमिळ किनाऱ्यावरचं मूळ कट्टुमरम म्हणजे एकमेकांना चिकटून बांधलेले ओंडके. त्यात दोन पोटं वगैरे काही नाही. गोऱ्यांनी शब्द इथून उचलला आणि पॉलिनेशियाच्या बेटांवरच्या जोडहोड्यांना चिकटवला. आपल्या कोकणात या दोन्हींच्या मधला प्रकार दिसतो. अरुंद होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांवर एक ओंडका जोडलेला असतो. ती उलांडी. होडी त्या ओंडक्याच्या आधाराने उभी राहते.

शब्दांनी ताईचं समाधान झालं नाही. मग मी माळ्यावरचं पितळी घंगाळ काढलं, पाण्याने भरलं, आणि धाकट्या दोघांना हाताशी घेतलं.

प्लास्टिकची लिटरची रिकामी बाटली पाण्यावर आडवी सोडली तर बोटाच्या टोकाने गरागरा फिरते. तिला वरखाल कळत नाही. तिच्या एका अंगाला मी १७-१९ चा पाना चिकटपट्टीने बांधला आणि विरुद्ध अंगाला पोराने आपला लेगोचा माणूस चिकटवला. पाना खाली गेला, माणूस वर उभा राहिला. आता बाटली थोडी लोळवा, आडवी करा, माणसाला पाण्यात बुडवा. बोट काढलं की पाना खाली जातो आणि माणूस ओलाचिंब होऊन परत वर येतो. पाच वर्षांच्या मुलीने हे निदान वीस वेळा केलं.

मग दोन रिकाम्या बाटल्या घेऊन फूटपट्टीच्या दोन टोकांना रबरबँडने बांधल्या आणि पट्टीच्या मधोमध दुसरा माणूस चिकटवला. याला पाना नाही, वजन नाही. तरी हलक्या बोटाने दाबून बघा, जवळजवळ कलतच नाही. पान्यावाली बाटली मघाशी एवढ्याशा धक्क्याला डोलत होती, ही मात्र चौरंगासारखी बसून. मुलगा म्हणाला, "हीच भारी." मी म्हटलं, जोर लाव. त्याने एक बाटली पूर्ण खाली दाबली, दुसरी हवेत उभी राहिली, क्षणभर थांबली आणि धप्पकन पलीकडे गेली. लेगोचा माणूस खाली डोकं करून पाण्यात. आम्ही वाट बघितली. तो काही वर आला नाही. बाटल्या उताण्याही तितक्याच आरामात तरंगत होत्या.

बाकी सगळा तपशील या दोन खेळण्यांतूनच निघतो.

पाना म्हणजे कील. मोनोहलच्या पोटाखाली माशाच्या परासारखा एक जाड पंख असतो आणि त्यात शिसं किंवा ओतीव लोखंड भरलेलं असतं. बोटीच्या एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तिथेच असतो. ४० फुटांची बोट आठ टनांची असेल तर त्यातले अडीच टन निव्वळ खाली ओढण्यासाठी. जुने खलाशी अशा तळाच्या भाराला नीरम म्हणत. माल नसेल तेव्हा गलबताच्या तळाशी दगड भरायचे, तेच हे. तंजावरची डोलणारी बाहुली आपल्या ताईंच्या काळी घराघरांत होती. ढकलली की डुलून उभी राहते, कारण तिचं बूड जड. (बडोद्याला तंजावर परकं नाही. सयाजीरावांची पहिली राणी तिथली. १८८० मध्ये ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर तिकडच्या नर्तकीही इथे आल्या.) मोनोहल म्हणजे ती बाहुली. चटकन झुकते, पण जितकी जास्त झुकेल तितकं ते शिसं बाजूला जाऊन तिला जास्त जोराने परत ओढतं. साठ अंशांच्या आसपास ही ओढ सर्वांत जास्त असते, आणि चांगली समुद्रावरची बोट डोलकाठी पाण्याला टेकल्यावरही, म्हणजे ९० अंशांच्या पुढे ११०-१२० पर्यंत, परत यायची ताकद राखून असते.

कॅटामरानचा सगळा भरवसा रुंदीवर. ४० फुटांची मोनोहल सुमारे ४ मीटर रुंद असते, तेवढ्याच लांबीची कॅटामरान जवळपास ७. वारा तिला कलवायला लागला की एक पोट खाली दबतं, दुसरं उचलायला लागतं, आणि बोटीचं सगळं वजन त्या दबलेल्या पोटावर तरफेसारखं उलटा जोर लावतं. ढोबळ हिशोब करू. वजन १० टन, दोन पोटांच्या मध्यरेषांमधलं अंतर ५ मीटर, म्हणजे तरफेचा दांडा अडीच मीटरचा. १० गुणिले अडीच, २५. मोनोहलचा हाच आकडा जेमतेम ६ भरतो. म्हणून ती चौरंगासारखी बसते. पण हा सगळा जोर पहिल्या दहाएक अंशांतच येतो, वाऱ्याकडचं पोट पाण्यातून सुटेपर्यंत. त्यानंतर बोट जितकी उभी होईल तितका दांडा आखूड होत जातो, आणि ९० अंश यायच्या आतच तो संपतो. पुढचं तुम्ही घंगाळात पाहिलंच.

म्हणजे ताईचा प्रश्न दोन प्रश्नांत फुटतो. उलटायला सोपी कुठली? बंदर ते बंदर आठवड्याच्या सहलीत, भरलेली कौटुंबिक कॅटामरान वाऱ्याने उलटवणं फार अवघड. उलटली तर सुलटते कुठली? फक्त मोनोहल. आपल्या नौदलातला अभिलाष टॉमी सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात एकट्याने शर्यतीत होता. वादळात त्याची गोव्यात बांधलेली 'थुरिया' लोळली, डोलकाठ्या मोडल्या, त्याच्या पाठीला जबर दुखापत झाली. पण बोट सरळ उभी राहिली आणि सुटका होईपर्यंत तो तिच्यातच होता. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तीही एका पोटाची. तिकडच्या समुद्रात जायचं तर मी डोळे मिटून पाना बांधलेली बाटली घेईन.

मात्र मोनोहलवाले इथे थांबून टाळ्या घेतात, तेवढं खरं नाही. कील बोल्टांनी बांधलेली असते आणि ती निखळू शकते. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये 'चीकी राफिकी' या बोटीची कील तुटली, ती उलटली आणि चौघे गेले. शिवाय अडीच टन शिसं पोटाला बांधलेली बोट पाणी भरलं की तळाला जाते. दोन-तीन पोटांच्या बोटींना ते ओझं नसतं, त्यामुळे त्या उताण्या झाल्या तरी बहुधा तरंगत राहतात. १९८९ मध्ये न्यूझीलंडजवळ 'रोझ-नोएल' नावाची तीन पोटांची बोट उलटली. तिच्या उताण्या सांगाड्यावर चौघेजण ११९ दिवस वाहत राहिले आणि जिवंत किनाऱ्याला लागले. म्हणून पुष्कळ कॅटामरानच्या पोटात खालच्या बाजूला एक खिडकी ठेवलेली असते. उलटल्यावर तीच वरचं दार होते. हे सांगितल्यावर ताईचा चेहरा काही खुलला नाही. तो माझा मुद्दा मांडायचा दोष.

खरा फरक मला दुसरीकडे दिसतो: बोट तुम्हाला आधी सांगते की नाही. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. १० नॉटचा वारा म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, छान झुळूक. १५ नॉटला जोर सव्वादोन पट, २० ला चौपट. मोनोहलमध्ये हे तुम्हाला अंगाने कळतं. बोट झुकते, ताटं सरकतात, खालून कोणीतरी ओरडतं, "अरे काय चाललंय वर!" आणि तुम्ही शीड आखडता, म्हणजे त्याचा खालचा भाग बांधून ते लहान करता. बोटीवर त्याला रीफ घेणं म्हणतात. शिवाय मोनोहल झुकली की शिडावरून वारा आपोआप सांडतो. कॅटामरान मात्र १५ नॉटलाही सपाट आणि २५ लाही जवळजवळ सपाटच. टेबलावरचा कप जागेवर असतो, गाणी चालू असतात, आणि डोलकाठीच्या दोऱ्यांवरचा ताण जवळजवळ तिप्पट झालेला असतो. त्यामुळे तिथे रीफ कधी घ्यायचं ते मनाला विचारून ठरवायचं नसतं. बोटीच्या पुस्तिकेत वाऱ्याच्या आकड्यांचा तक्ता असतो, त्यातला आकडा दिसला की शीड आखडायचं, चिकटपट्टीने तो तक्ता सुकाणूच्या चाकाशेजारी लावून ठेवायचा. भाच्याला मी हे तीनदा सांगितलं, कारण तो गाडी चालवताना पेट्रोलचा काटासुद्धा बघत नाही.

झुकण्याचं नुसतं नाव ऐकून अंदाज येत नाही, म्हणून एक प्रसंग. मुंबईतली माझी दुसरी की तिसरी फेरी. मांडव्याहून परतताना दुपारचा वायव्येचा वारा अंगावर घेऊन चाललो होतो, बोट वीसेक अंशांवर. खाली स्टोव्ह झुल्यासारखा टांगलेला असतो, बोट कितीही कलली तरी तो सरळ राहतो. त्यावर चहा झाला. मालकीणबाईंनी मला ओतून वर द्यायला सांगितलं. मी शहाण्यासारखा कप बोटीच्या फळीशी समांतर धरला. चहाने फळीचं ऐकलं नाही, पृथ्वीचं ऐकलं, आणि सगळा माझ्या पायावर आला. वीस अंश म्हणजे जिन्याचा उतार नव्हे, पण त्या उतारावर संडासात जाऊन यायचं, भाजी चिरायची, झोपायचं, हे सगळं करून बघा. तरणी माणसं याला मजा म्हणतात. मीही म्हणायचो. वाऱ्यावर रेललेली बोट सुकाणूतून जो कंप तळहातात आणते तसा कॅटामरानच्या चाकात मला कधी सापडला नाही. पण मला तेव्हा माझेच गुडघे होते.

ताईच्या दृष्टीने अडचण झुकण्याइतकीच जिन्याची आहे. मोनोहलमध्ये राहायची जागा पाण्याच्या पातळीच्या खाली, पोटात. वरून आत जायला चार-पाच खड्या पायऱ्या, त्या शिडीसारख्या तोंड फिरवून उतरायच्या. दिवसातून पंधरा वेळा. कॅटामरानमध्ये बैठक आणि स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, मागच्या ओट्याच्या पातळीला, चारी बाजूंनी खिडक्या. दार सरकवलं की ओटा आणि खोली एकच. भाडं दुप्पट का, याचं अर्धं उत्तर हे आहे. झोपायच्या खोल्या मात्र तिथेही दोन पोटांत खाली असतात, तीन-चार पायऱ्या उतरून. जाहिरातीतल्या फोटोत त्या पायऱ्या दिसत नाहीत. तेव्हा ताईसाठी खोली मागताना मागची मागायची आणि पायऱ्यांचा फोटो मागवायचा.

बोट लागते त्यांचं काय? ताईला बोट लागेल असं घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलंय, कारण पावागढच्या घाटात तिला गाडी लागते. याचं सरळ उत्तर नाही. कॅटामरान झुकत नाही, पण लाट एका पोटाला आधी आणि दुसऱ्याला नंतर लागते, त्यामुळे तिचं हलणं झटक्याझटक्यांचं, बेताल. मोनोहल डुलते जास्त, पण संथ आणि ठेक्यात. काहींना हे सोसतं, काहींना ते. नांगरावर मात्र निकाल स्पष्ट आहे. रात्री बाजूने लांब, संथ लाटांची हलकी फुगवटी आली की मोनोहल पाळण्यासारखी डावी-उजवी होत राहते, आणि तो पाळणा सकाळपर्यंत थांबत नाही. सुट्टीवरचं कुटुंब चोवीस तासांपैकी अठरा-वीस तास नांगरावर नाहीतर धक्क्याला असतं. विकणारे उलटण्याचं आणि वेगाचं बोलतात, पण हा आकडा कोणी पुढे करत नाही.

कॅटामरानचा रात्रीचा आवाज मात्र माहीत असलेला बरा. दोन पोटांच्या मधल्या मजल्याच्या खाली हवेची पोकळी असते. समोरून आखूड लाटा आल्या की त्या खालून मजल्याला थपडा मारतात, टेबलावर मूठ आपटावी तशा. बोट जितकी भरलेली तितकी खाली बसलेली, आणि तितक्या थपडा जास्त. सडपातळ पोटांना वजन मुळीच सोसत नाही. मोनोहलमध्ये अर्धा टन चढवला तरी ती फारशी कुरकुरत नाही, कॅटामरान तेवढ्याने मंद होते. आता बडोदेकर आठवडाभर बाहेर निघाला की थेपले, खाकरे, लोणच्याची बरणी, चिवडा आणि 'असू दे' म्हणून घेतलेला कुकर. मी सुनेला म्हटलं, कुकर राहू दे. ती म्हणाली, "मामा, कुकर तीन किलोचा आहे, तो तुमचा पाना नाही." तिचं बरोबर होतं. घात करतात ते पाण्याचे जास्तीचे कॅन, फुगवायच्या होड्या आणि वाळूवर टाकायच्या खुर्च्या.

वेगाचं थोडक्यात. एका जड पोटाला पाणी कापताना स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढता येत नाही. पाण्याच्या रेषेवर ३६ फूट लांबीची बोट ८ नॉटच्या आसपास अडते. सडपातळ जोडपोटांना हे बंधन सैल. नॅथनिएल हेरेशॉफ या अमेरिकन बोटबांधणीकाराने १८७६ मध्ये न्यूयॉर्कला अशी बोट आणून सगळ्यांना इतकं मागे टाकलं की पुढे तिला शर्यतीतूनच बाद केलं. पण भाड्याची फुगीर कॅटामरान म्हणजे ती नव्हे. आणि वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तर उलट. शिडाची कुठलीच बोट सरळ वाऱ्यावर जात नाही, तिरपी-तिरपी नागमोडी जाते. मोनोहल वाऱ्याच्या सुमारे ४५ अंशांपर्यंत भिडते, भाड्याची कॅटामरान ५५ च्या आसपास. दहा मैलांवरचं बेट वाऱ्याच्या दिशेलाच असेल तर पहिलीला चौदा मैल पडतात, दुसरीला साडेसतरा. अशा वेळी बहुतेक लोक गपचूप इंजिन चालू करतात.

खोलीचा हिशोब बडोद्याच्या माणसाला सांगावा लागत नाही. आपलं खंबातचं आखात तास-दीड तासाच्या अंतरावर, आणि तिथे उधाणाला पाणी दहा मीटरहूनही जास्त चढतं-उतरतं. भावनगरला म्हणूनच बंदरात पाणी कोंडून ठेवायला दरवाजे बसवलेत. ओहोटीला तिकडच्या होड्या चिखलावर कुशीवर पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. कीलवाली बोट अशीच पडते, कारण तिला २ मीटरच्या वर पाणी लागतं. कॅटामरानला सव्वा मीटर पुरतं, आणि खाली आखूड पाय असलेल्या पुष्कळ कॅटामरान चिखलावर दोन पायांवर सरळ बसतात. आखातात सहलीला जावं असं मी सुचवत नाही, तिथले प्रवाह माणसाला चकवतात. ग्रीसमध्ये भरती-ओहोटी वीतभर, पण सव्वा मीटरच्या बोटीला निळ्या उथळ खाडीत पार आत, वाळूजवळ नांगर टाकता येतो. मुलांना पोहत किनाऱ्याला जायला तेवढंच अंतर कमी.

धक्क्याला लावताना उलटसुलट. कॅटामरानला दोन इंजिनं, प्रत्येक पोटात एक. एक पुढे, एक मागे टाकलं की साखळीचा जेसीबी फिरतो तशी जागच्या जागी फिरते. पण तिचं अंग उंच, बाजूचा वारा तिला भिंतीसारखा ढकलतो, आणि सात मीटरची जागा संध्याकाळी पाचनंतर छोट्या बंदरात मिळत नाही. तिचं धक्क्याचं भाडंही दीडपट-दुप्पट. विकत घेणाऱ्याला तर सगळंच दोनदा: इंजिनं दोन, सुकाणू दोन, तळाचा रंग दोन पोटांना.

तर मी काय सांगितलं? आधी म्हटलं, समुद्र नीट निवडलायस. आयोनियनचा वारा दुपारी उठतो, संध्याकाळी पडतो. एजियनमध्ये जुलै-ऑगस्टला मेल्टेमी नावाचा जोराचा वारा सुटतो, तो दिवसचे दिवस, तिथे या कुटुंबाला मी कुठल्याच बोटीत बसवलं नसतं. मग खोल्या मोजल्या. भाच्याकडे अजून परवाना नाही, म्हणजे बोटीसोबत कप्तान घ्यावा लागणार आणि त्याला झोपायला जागा हवी. ४० फुटी मोनोहलमध्ये बहुधा तीन खोल्या. नवरा-बायको, मुलं, ताई, संपल्या. कप्तान बैठकीच्या बाकावर, सगळ्यांच्या वाटेत. कॅटामरानमध्ये चार, दोन-दोन प्रत्येक पोटात. या कुटुंबाला, या वर्षी, कॅटामरान. ४० नको, ३८ फुटी चालेल. सामान बेतात घ्या, वाचलेले पैसे कप्तानाला जातील.

भाच्याला मात्र वेगळा गृहपाठ दिला. त्याने शिकायचं ते एका पोटाच्या, लहानातल्या लहान होडीत. मस्कतला समुद्र दाराशी आहे. छोटी होडी चूक झाली की त्याच क्षणी पाण्यात टाकते. कॅटामरान तुमच्या चुका साठवून ठेवते. पाच वर्षांनी मुलं मोठी झाली आणि त्याला लांबच्या समुद्राची हुक्की आली तर पुन्हा बोलू, तेव्हा कदाचित पाना बांधू.

ताईने सगळं ऐकून घेतलं. तिला शिशाचं आणि तरफेचं पटलं की नाही कोण जाणे, पण तिने नेमकं विचारलं, "हरणीत काय चुकलं होतं मग?" मी म्हटलं, शीड आणि पोटांचा तिथे संबंध नाही. तळ्यातल्या फेरीच्या बोटीत माणसं हेच वजन असतं आणि ते वजन वर बसलेलं असतं, हलतं असतं. बोट पेलेल त्यापेक्षा जास्त जण भरले होते आणि कितीतरी मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. कुठलीही बोट असो, किती माणसं आणि किती जॅकेटं हे चढण्याआधी मोजायचं. मुलांच्या मापाची वेगळी मागून घ्यायची, मोठ्यांच्या जॅकेटातून मूल खाली सरकून जातं.

त्यावर तिने एकच अट घातली. तिचं जॅकेट इथूनच न्यायचं, आणि आधी घरी घालून बघायचं. गॅसच्या नळकांडीने फुगणारं विमानात अडू शकतं म्हणून साधं फोमचं मागवलं. ते परवा आलं. ताईने साडीवर चढवलं, खुर्चीत बसली, उठली, वाकून चप्पल घातली. बकल पुढे आहे, पाठीमागे हात न्यावा लागत नाही. म्हणून पास.